आधी विसापूर सांभाळा

मळवली स्टेशनवर उतरून भाज्याच्या वाटेला लागलं की समोर दोन गड दिसतात. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगड नावासारखाच कणखर आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा, असे एकामागून एक चार दरवाजे आहेत आणि त्यांच्यामधून वळणं घेत वर जाणारी वाट. पण 1818 च्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथरची फौज आली तेव्हा तिला या चार दरवाजांशी झुंजावंच लागलं नाही. 4 मार्चला विसापूर पडला. विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. तो शत्रूच्या हाती गेला की लोहगड आयता माऱ्यात येतो. दुसऱ्याच दिवशी लोहगडावरची शिबंदी गड सोडून निघून गेली.

कामशेतला मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले. वर्गात मी विचारायचे, तुमचा सगळ्यात महत्त्वाचा पासवर्ड कोणता? उत्तर ठरलेलं असायचं: बँकेचा. मग मी खिडकीबाहेर बोट दाखवून लोहगड-विसापूरची गोष्ट सांगायचे. बँकेचा पासवर्ड म्हणजे लोहगड. त्याला ओटीपीचा आणखी एक दरवाजा असतो, आणि पासवर्ड लागोपाठ चुकला तर बँक खातंच थोपवून धरते. पण शेजारी ईमेलचं खातं उभं आहे आणि ते उंचावर आहे. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवा, नवा पासवर्ड करायची लिंक बहुतेक वेळा ईमेलवरच येते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचं ईमेल गेलं त्याला बाकीचे पासवर्ड ओळखत बसायची गरज उरत नाही. तो ते सरळ बदलून टाकतो. आणि हेच ईमेल आपण फोन घेताना दुकानदाराने घाईघाईत उघडून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड काय होता ते आपल्याला आठवतही नसतं.

म्हणून हा लेख वाचून एकच काम करायचं ठरवलंत तर ते ईमेलचं करा. त्याला नवा, लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या. मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, खातं परत मिळवण्यासाठी कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे. तो जुना, बंद पडलेला असेल तर आजच बदला. बंद केलेला नंबर साधारण 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, आणि मग तुमच्या ईमेलची किल्ली त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागते. दुसरी, हे खातं सध्या कोणकोणत्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी. विकलेला फोन, जुन्या ऑफिसचा कॉम्प्युटर, ओळखीचं नसलेलं काहीही दिसलं तर तिथून बाहेर पडा. तिसरी गोष्ट सहसा कोणी बघत नाही. तुमची पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवली जात आहेत का ते तपासा. चोर एकदा आत आला की जाताना ही खिडकी उघडी ठेवून जातो, म्हणजे पासवर्ड बदलला तरी त्याला पत्रं मिळत राहतात.

आता मावळातल्या आपल्या खऱ्या अडचणीकडे येते. पासवर्डवरचे बहुतेक लेख असं धरून चालतात की माणूस स्वतःच्या लॅपटॉपसमोर बसून स्वतःचा पासवर्ड टाकतो आहे. आपल्याकडे कित्येक पासवर्ड दुसऱ्याच माणसाने तयार केलेले असतात. मुलाची शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरचा शेतीयोजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, डिजिटल सातबारा, या सगळ्यांसाठी आपण ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो. बाहेर रांग असते, सर्व्हर डाउन असतो, चालक घाईत असतो. तो तुमचं नाव, पुढे ॲटचं चिन्ह आणि 123 असा पासवर्ड ठोकून देतो. तुमचा फोन घरी चार्जिंगला असला तर ओटीपीसाठी स्वतःचा नंबर घालतो, तुमचं ईमेल नसलं तर स्वतःचं देतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. काम अडू नये म्हणूनच तो हे करतो.

माझ्या वडिलांचं एका सरकारी पोर्टलवरचं खातं असंच उघडलेलं होतं. दोन वर्षांनी ते पुन्हा लागलं तेव्हा दुकानाचं शटर कायमचं खाली आलेलं, चालकाचा नंबर बंद आणि खात्याला जोडलेला नंबर नेमका तोच. कागदपत्रं घेऊन किती फेऱ्या झाल्या ते सांगत नाही. चोरी झाली नाही एवढंच नशीब. पण स्वतःच्याच खात्याच्या दारात आम्ही परके होतो, आणि त्यात चूक आमची होती. पासवर्ड ही आपण सांभाळायची वस्तू आहे हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हा केंद्रात जाताना फोन पूर्ण चार्ज करून न्या आणि स्वतःचं ईमेल खातं आधीच काढलेलं असू द्या. पासवर्डचा रकाना आला की म्हणा, ‘दादा, एवढं मी टाकते.’ यात कुणाला राग येत नाही, मी अनेकदा केलं आहे. ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू का?’ असं विचारलं तर नको म्हणा. स्वतःच्या गूगल खात्याने दुकानातल्या ब्राउझरमध्ये शिरू नका. सिंक चालू झालं तर तुमच्या फोनमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर उतरू शकतात. आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲप वेबवरून काढले असतील तर निघण्यापूर्वी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ती जोडणी तोडा. डाउनलोड फोल्डरमधल्या आणि रिसायकल बिनमधल्या तुमच्या फायली समोर उभं राहून पुसून घ्या. तरीही एक धोका राहतोच. दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप नोंदवणारं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं असेल तर चालकालाही ते ठाऊक नसतं. म्हणून दुकानात टाकलेला पासवर्ड घरी आल्यावर स्वतःच्या फोनवरून बदलून टाका. नेटबँकिंग मात्र तिथे करूच नका, कितीही घाई असली तरी.

केंद्र चालवणाऱ्या ताई-दादांनाही एक विनंती. ग्राहकांचे पासवर्ड लिहिलेली ती लांब वही बंद करा. तुमच्या चांगुलपणावर लोकांचा भरवसा आहे, पण वही चोरीला गेली तर पहिला संशय तुमच्यावरच येईल. ग्राहकाला एक छोटं कार्ड द्या, त्यावर कोणत्या पोर्टलचं खातं, कोणता नंबर जोडला, एवढं लिहा. पासवर्डची ओळ ग्राहकालाच भरू द्या. ज्या आजी-आजोबांना कळफलक जमत नाही त्यांच्यासोबत घरचं कुणी असेल तर त्याच्याकडून टाकून घ्या.

लोणावळा-खंडाळ्याकडे हाच प्रश्न वेगळं रूप घेतो. तुंगार्लीत, पवना धरणाच्या काठाला, शनिवार-रविवारी बंगले आणि तंबू भाड्याने जातात. पाहुणा येताच पहिला प्रश्न विचारतो तो वायफायचा. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि दर आठवड्याला नवी माणसं तो घेऊन जातात. त्याच वायफायवर मालकाचा कॉम्प्युटर असतो, सीसीटीव्ही असतो, केअरटेकरचा फोन असतो. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं सुरू करायची सोय असते, ती वापरा. फ्रिजवर त्या पाहुण्यांच्या जाळ्याचाच पासवर्ड राहू द्या. घरचं जाळं वेगळं आणि त्याचा पासवर्ड घरातच. राउटरच्या आतल्या सेटिंगलाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो पेटीतून आला तसाच असतो, हे मी मोठमोठ्या बंगल्यांत पाहिलं आहे. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचंही तेच. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली स्त्रियांच्या तपासणीची चित्रं 2025 मध्ये बाहेर फुटली, तेव्हा कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन123’ होता असं तपासात पुढे आलं. तुमच्या व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय आहे, हे बसवणाऱ्याला आजच फोन करून विचारा आणि त्याने सांगितला की लगेच बदला.

बुकिंगचा धंदा असेल तर आणखी एक. इन्स्टाग्रामचं पान आणि गूगल नकाशावरची तुमची नोंद ही तुमच्या दुकानाची पाटी आहे. तिचा एकच पासवर्ड चार पोरांना दिलेला असतो आणि त्यातला एक काम सोडून गेला तरी तो बदलला जात नाही. पाटीवरचा फोन नंबर कुणी बदलला तर आगाऊ रक्कम भलत्याच्या खात्यात जाते आणि पाहुणा सुटकेसा घेऊन तुमच्या फाटकाशी उभा राहतो. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून परवानगी देता येते. पासवर्ड वाटू नका.

पासवर्ड करायचा कसा? इथे थोडं गणित करू. इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरं घेतली तर 26 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 20,900 कोटी शक्यता होतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण एखाद्या साइटवरून चोरलेले, कच्च्या पद्धतीने झाकलेले पासवर्ड फोडायला बसलेलं यंत्र सेकंदाला 10,000 कोटी अंदाज करतं असं धरलं, तर या सगळ्या शक्यता दोन-अडीच सेकंदांत संपतात. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हा वेग अवघड नाही. आता 7,776 शब्दांची यादी घ्या आणि त्यातून डोळे मिटून चार शब्द उचला. तेच यंत्र सुमारे दहा तास घेईल. पाच शब्दांना नऊ वर्षं. सहा शब्दांना सुमारे 70,000 वर्षं. 7,776 हा आकडा मी उगाच घेतला नाही. फासा पाच वेळा टाकला तर तेवढेच प्रकार होतात, आणि फाशावरून शब्द निवडायची ही रीत 1995 पासून वापरात आहे.

मराठी माणसाने ही रीत मराठीतच करावी. घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, न बघता पान उघडा, बोट ठेवा. समजा निघाले: पाटा, वादळ, मोजणी, कोवळा, शिट्टी. ते रोमन अक्षरांत, मध्ये छोटी रेघ देऊन टाका. (हेच पाच वापरू नका, ते आता छापले गेले.) एक खबरदारी मराठीसाठी खास आहे: रोमन लिपीत ‘वहिनी’ चार प्रकारे लिहिता येतं, दीर्घ ईला कुणी दोन ‘ई’ घालतं, कुणी एक ‘आय’. पहिल्यांदा जसं लिहिलंत तसंच कागदावर टिपून ठेवा, नाहीतर महिन्याभराने स्वतःच अडकाल. शब्द मनाने ठरवू नका, कारण मनाने ठरवला की गावाचं नाव, 410401 हा पिनकोड, गाडीचा एमएच-14 नंबर, एकवीरेचं किंवा शिवरायांचं नाव, मुलाचा वाढदिवस, हेच सुचतं. चोराच्या याद्यांतही हेच असतं.

ठरावीक काळाने पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घाला, हा सल्ला ज्या अमेरिकी नियमावलीमुळे जगभर पसरला ती 2003 च्या सुमाराची. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी ती नियमावली बदलण्यात आली. माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, बाकी काही होत नाही. लांबी ठेवा, चोरी झाल्याचा संशय आला तर मात्र लगेच बदला. आणि एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका. 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून 3 कोटी 20 लाखांहून अधिक पासवर्ड उघड्या अक्षरांत चोरीला गेले. अशा याद्या एकीकडे फुटतात आणि दुसरीकडे दारोदार लावून बघितल्या जातात. एखाद्या क्षुल्लक साइटला दिलेला पासवर्ड ईमेललाही असेल तर तिथेच विसापूर पडला.

एवढे लांब पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? ठेवायचे नाहीत. ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा, एवढे दोन पाठ करा. बाकीचे मॅनेजरला सांभाळू द्या. फोनमधला गूगलचा चालतो, बिटवॉर्डन चालतं, फाइल स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची असेल तर कीपास आहे. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, म्हणून मुख्य पासवर्ड सहा शब्दांचा करा. मॅनेजरचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट आपल्या डोळ्यांना फसवते, मॅनेजरला सहसा नाही. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड भरतच नाही. तो गप्प बसला की आपणही थांबायचं. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट रोमन अक्षरांत तसाच आहे का, ही नजर आता घरातल्या सगळ्यांना लावा.

ज्यांना हे सगळं जड वाटतं त्यांनी वहीत लिहावं. हो, वहीत. दूरदेशी बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोचत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याला चिकटवलेली चिठ्ठी मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि फोनमधला पासवर्डच्या पानाचा फोटो त्याहून वाईट. लोणावळ्याच्या पावसात कागदाला बुरशी धरते आणि शाईच्या पेनाची अक्षरं पसरतात. बॉलपेनने लिहा, वही झिपच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा. बँकेचा पिन त्या वहीत नको.

दुसरं कुलूप, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा आकडा, ईमेलला नक्की लावा. शहरातला माणूस सांगेल की एसएमएसवर ओटीपी घ्या. पवन मावळात, आंदर मावळात, नाणे मावळाच्या आतल्या वाड्यांवर राहणाऱ्यांना ठाऊक आहे की पावसात तो एसएमएस कधी येतो, कधी येतच नाही. त्यांनी ऑथेंटिकेटर ॲप घ्यावं. ते दर 30 सेकंदांनी नवा आकडा स्वतःच तयार करतं, त्याला नेटवर्कही लागत नाही, इंटरनेटही नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. आणि वीज दोन दिवस गेली, फोन मेला, तर? त्यासाठी गूगल दहा राखीव आकडे देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा.

इतकं करूनही फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका. 1930 वर फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला त्याच वेळी कळवा. आपल्या पुण्यात ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेव्हा चोर बँकेच्याच यंत्रणेत शिरले होते. तसं घडतं तेव्हा आणि पासवर्ड आपण स्वतः कुणाला सांगतो तेव्हा नियम वेगळे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना आपली ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा आपल्यावर येत नाही. पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा. तेव्हा शेजाऱ्यांशी चर्चा नंतर, फोन आधी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

शेवटी घरच्यांचा विचार. आमच्या गल्लीत एका घरी कर्ता माणूस अचानक गेला. वीस वर्षांचे फोटो, विम्याची पत्रं, वीजबिलाचं खातं, सगळं एका ईमेलमागे होतं आणि त्या माउलीला ते उघडता येईना. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तुम्ही ठरवाल तितके महिने, तीन ते अठरा, खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिलेली माहिती मिळते. पत्नीचं किंवा मुलीचं नाव तिथे आजच घाला. बँकेच्या खात्याला नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी नेमणं, हाच मार्ग आहे, तिथे पासवर्ड मागे ठेवायचा नाही. ईमेलचा आणि मॅनेजरचा मुख्य पासवर्ड मात्र बंद पाकिटात घालून मृत्युपत्राशेजारी ठेवा, आणि ते कुठे आहे हे एका माणसाला सांगा. पाकिटावर तारीख घाला. मे महिन्याच्या शेवटी घरावर प्लास्टिक चढवायला घेता, लाकूडफाटा आत रचता, त्याच दिवशी ते पाकीट काढून बघा: आतला पासवर्ड अजून तोच आहे ना, अक्षर वाचता येतं ना, आणि वहीच्या पिशवीची झिप नीट लागते ना.